अ‍ॅफिलिएट मार्केटिंग: पहिल्या दीड वर्षातल्या माझ्या चुका आणि फवारणी पंपाने शिकवलेलं

शिवारातला (मूळ धागा)

मंडळी,

गेल्या आठवड्यात तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारला: "अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करायचंय, कुठला प्रोग्राम चांगला?" तिघांना तुटक उत्तरं देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी: आपण एखाद्या वस्तूबद्दल लिहितो किंवा व्हिडिओ करतो आणि सोबत आपल्या नावाची खूण असलेली लिंक देतो. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकान आपल्याला ठरावीक टक्के कमिशन देतं. घेणाऱ्याला त्यासाठी जास्त पैसे पडत नाहीत. अ‍ॅमेझॉनने या पद्धतीचा आपला प्रोग्राम १९९६ साली सुरू केला, आणि २०१३ मध्ये त्यांचं भारतातलं दुकान उघडल्यावर आपल्याकडेही ती हळूहळू पसरली.

मी नारायणगावजवळचा. टोमॅटोचा पट्टा. सहा वर्षं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काम केलं. औषधं विकायची आणि मागच्या खोलीत बिघडलेले फवारणी पंप उघडून बसायचं. लॉकडाउनच्या काळात ब्लॉग सुरू केला. आणि विषय कुठला घेतला? मोबाईल आणि लॅपटॉप! "१५ हजारांच्या आतले १० सर्वोत्तम फोन" असे लेख. त्यातला एकही फोन मी हातात धरला नव्हता. कंपनीच्या पानावरून बॅटरी, कॅमेरा, रॅम यांचे आकडे उचलायचे आणि मराठीत मांडायचे. आठ महिन्यांत त्रेसष्ट लेख झाले आणि कमाई झाली २१४ रुपये. तीही नंतर परत गेली, कारण ज्याने फोन घेतला होता त्याने तो परत केला. वस्तू परत गेली की कमिशनही जातं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

दुसरी चूक जास्त लागली. सहा महिन्यांत काहीतरी विक्री दाखवायची होती म्हणून मी चुलतभावांना आणि मेव्हण्याला माझ्या लिंकवरून खरेदी करायला लावली. एकाने मिक्सर घेतला, एकाने चपला. दोन महिन्यांनी माझं कमिशनचं खातं बंद झाल्याचा मेल आला. घरच्यांकडून अशी खरेदी करवायची नाही असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. दोष पूर्ण माझा. पण त्रेसष्ट लेखांतली प्रत्येक लिंक एका दिवसात मेली, आणि त्या रात्री मी ब्लॉग पुसून टाकायला निघालो होतो.

तो पुसला नाही, याला कारण एक लेख. मध्येच एकदा कंटाळून मी "बॅटरीचा फवारणी पंप चार्ज होत नाही? आधी हे तपासा" असं काउंटरवरच्या अनुभवातून लिहिलं होतं. त्यात एकही लिंक नव्हती. पण ब्लॉगवर येणाऱ्या दर दहा माणसांतली सात माणसं त्या एका पानावर येत होती, आणि खाली प्रश्न विचारत होती. कळंबहून, चांदवडहून, जतहून. फोनच्या लेखांखाली आठ महिन्यांत एकही प्रश्न आला नव्हता.

मग मी सगळे फोनचे लेख काढले आणि फक्त पंपांवर लिहायला बसलो. हे सांगताना मला अजून भरून येतं, कारण जे मला खरोखर येत होतं त्याची किंमत मला स्वतःलाच नव्हती. सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन दीड एकर टोमॅटो फवारला की खांद्याचा पट्टा कुठे काचतो, हे मला माहीत आहे. १२ व्होल्टची ८ अँपिअर-तासाची बॅटरी आणि १२ अँपिअर-तासाची बॅटरी यांत दिवसभरात किती टाक्यांचा फरक पडतो, ते मी मोजलंय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी दिवाळीनंतर तशीच कोपऱ्यात टाकली तर जूनमध्ये ती उठत नाही. महिन्यातून एकदा चार्ज केली तरच टिकते. निम्मे लोक "पंप खराब निघाला" म्हणून दुकानात येतात, तेव्हा पंप चांगला असतो, बॅटरी उपाशी मेलेली असते.

हे लिहिलं तर पंपाची विक्री कमी होणार, असं मला एका मित्राने सांगितलं. झालं उलटं. ज्यांचा पंप माझ्या लेखामुळे सुरू झाला, तेच पुढच्या हंगामात "आता नवा कुठला घेऊ?" विचारायला आले.

बाकीच्या चुका थोडक्यात. लेखात किंमत लिहायचो. ती चार दिवसांत बदलायची. एका शेतकऱ्याने फोन करून सुनावलं, "तुम्ही २,८०० म्हणता, तिथं ३,४५० दिसतंय, मध्ये तुम्ही किती खाता?" त्या दिवसापासून किंमत लिहिणं बंद. दुसरं, लिंक एकदा लावली की विसरून जायचो. वस्तू बंद पडली की तिथे "सध्या उपलब्ध नाही" दिसतं आणि माणूस निघून जातो. आता दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या लिंका स्वतः उघडून बघतो. तिसरं, सगळ्या लेखांना एकच ट्रॅकिंग आयडी लावला होता, त्यामुळे पैसे कुठल्या लेखातून येतात ते कळायचंच नाही. प्रत्येक लेखाला वेगळा आयडी करता येतो, फुकट. आणि हंगाम! खरिपाचा पंप लोक मे-जूनमध्ये शोधतात. मी लेख जुलैत टाकला. नव्या पानाला गूगलवर वर यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर फवारणी अर्धी उरकलेली. आता खरिपाचं सगळं लेखन मार्चअखेर संपवतो.

विचारा काय विचारायचं ते.

कोथरूडची वाट

धाग्याबद्दल मनापासून आभार. वाखु (वाचनखूण) साठवली.

नियमांबद्दल भर घालते, कारण बरेच जण ते न वाचताच 'मान्य' दाबतात. अ‍ॅमेझॉन असोसिएट्सचे (म्हणजे त्यांच्या कमिशनच्या प्रोग्रामचे) ठळक नियम: नवीन खात्याला पहिल्या १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री लागतात, नाहीतर ते बंद होतं (पुन्हा अर्ज करता येतो, घाबरू नका). स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी धरत नाहीत. लिंक ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये टाकण्याआधी सध्याचा नियम वाचा. ग्राहकांचे तारे आणि अभिप्राय उचलून आपल्या पानावर चिकटवायचे नाहीत. हाताने किंमत लिहायची नाही. कारण शिवारातला यांनी सांगितलंच.

लिंक दाबल्यानंतर २४ तासांत झालेली खरेदी आपल्या नावावर धरतात. त्या अवधीत वस्तू कार्टमध्ये टाकली, तर प्रत्यक्ष ऑर्डर पुढे सुमारे तीन महिन्यांपर्यंत आपल्या नावावर धरली जाते. म्हणून "अजून विचार करतोय" म्हणणाऱ्याला निदान कार्टमध्ये टाकून ठेवायला सांगणं दोघांच्याही सोयीचं. आणि पैसे महिना संपल्यावर सुमारे साठ दिवसांनी येतात. जूनच्या विक्रीचे पैसे ऑगस्टच्या शेवटी. त्या भरवशावर हप्ता काढू नका.

रानवारा

मी यूट्यूबवाला, त्यामुळे माझी चूक वेगळी. चार महिने रोज एक शॉर्ट (यूट्यूबचा छोटा व्हिडिओ) टाकला, प्रत्येकाच्या वर्णनात लिंक. क्लिक शून्य. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका दाबल्याच जात नाहीत, हे मला एका बारावीतल्या मुलाने सांगितलं. शॉर्टमधून आता मी मोठ्या व्हिडिओकडे नेतो आणि लिंक तिथे ठेवतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्येही तेच, तिथे लिंक नुसती अक्षरं असतात. मेहनत करण्याआधी स्वतःच्या फोनवर, दुसऱ्या खात्यातून, आपली लिंक उघडते का ते बघा. एवढं एक मिनिट काढलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

सांजवेळ

थोडं वेगळं लिहिते, मन जड आहे.

माझा धाकटा भाऊ लातूरला शिकतो. 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग' याच नावाखाली त्याने नऊ-दहा हजारांचा एक कोर्स घेतला. कोर्समध्ये काय शिकवलं? तोच कोर्स इतरांना कसा विकायचा. मित्रांची यादी करा, स्टेटसला भाड्याच्या गाडीसोबतचा फोटो लावा, "घरबसल्या कमावतोय" असं लिहा. तीन वर्गमित्रांनी त्याच्यामुळे पैसे भरले. दोघांशी आता बोलणं नाही. पैसे गेल्याचं त्याला फार वाटत नाही, मित्र गेल्याचं वाटतं. तुम्ही सगळे सांगता तो प्रकार आणि हा प्रकार एकच आहे का? कारण घरात आता हा शब्द काढला तरी आई रडते.

हिशेबनीस

सांजवेळ, अजिबात एक नाही, आणि हे तुमच्या आईलाही समजावून सांगा.

ओळखायची साधी कसोटी: विकण्याची संधी काढून टाकली, तर ती वस्तू कुणी तेवढ्या पैशांना घेईल का? फवारणी पंप घेणारा शेतकरी पंप पुढे विकायला घेत नाही, फवारायला घेतो. तुमच्या भावाच्या कोर्सला विकणाऱ्यांखेरीज गिऱ्हाईकच नाही. पैसा फक्त नव्या माणसाच्या खिशातून जुन्याच्या खिशात जातो. अशा साखळ्यांवर १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. पैसे भरल्याच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवा.

आता माझ्या धंद्याचं, म्हणजे कराचं. नवशिके इथे हमखास चुकतात. हे उत्पन्न कमिशन आहे. त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून भरलेला कर, कापला जातो (जुन्या आयकर कायद्यात हे कलम १९४एच होतं). दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत कापणी नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे जुना क्रमांक शोधत बसू नका. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापले जातात. मी पाहिलेल्या नवशिक्यांपैकी बऱ्याच जणांनी विवरणपत्रच भरलं नव्हतं, म्हणजे कापलेले पैसे परत मागितलेच नव्हते. २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) उघडून बघा, कदाचित तुमचे पैसे तिथे पडून असतील.

आणखी एक. "४४एडी मध्ये टाका, आठ टक्के नफा दाखवा, विषय संपला" असा सल्ला सर्रास मिळतो (४४एडी म्हणजे छोट्या धंद्यांना अंदाजे नफ्यावर कर भरू देणारं जुन्या कायद्यातलं कलम). तो चुकीचा आहे. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ती सवलत त्याच कलमात नाकारलेली आहे. खर्चाचा खरा हिशेब ठेवा: होस्टिंग, डोमेन, इंटरनेट, परीक्षणासाठी घेतलेली वस्तू. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याची धास्ती नको.

जुनाजाणता

सगळं वाचलं. प्रामाणिक लिहिलंय, पण एक गोष्ट पटत नाही. ही शेवटी दलालीच. शेतकऱ्याला सल्ला देणारा माणूस वस्तू विकण्यावर पैसे घेत असेल, तर त्याचा सल्ला निखळ कसा राहील? आमच्या पिढीने आडत्याचा काटा बघितलाय. गोड बोलणं आणि आत टक्का.

शिवारातला

जुनाजाणता, तुमचा प्रश्न मला झोपू न देणारा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आडतीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. माझ्या वडिलांना त्या वेळी जो दिलासा वाटला तो मला आठवतो. पैसे किती जातात यापेक्षा ते उघड जातात की काट्याच्या आड, यावर त्यांचा राग होता. म्हणून माझ्या प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत, ठळक, मराठीत लिहिलेलं असतं: "खालच्या लिंकवरून पंप घेतलात तर मला कमिशन मिळतं." तळाशी बारीक अक्षरात नाही.

पण तेवढ्याने भागत नाही हे मान्य. टक्का उघड असला तरी मन वळतंच. मला सांगायला संकोच वाटतो, पण एका महागड्या पंपावर कमिशन दुप्पट होतं तेव्हा मी त्याला यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं. त्याचा पट्टा मला आवडलेला नव्हता. दोन आठवड्यांनी ते बदललं, पण दोन आठवडे ते तसंच होतं.

त्यानंतर एक पथ्य घातलं: स्वस्तातला किंवा फुकटचा मार्ग असेल तर तो लिंकच्या आधी सांगायचा. २०२४ च्या खरिपात कापूस-सोयाबीनवाल्यांना महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदान योजनांच्या पोर्टलवर) बॅटरीचे फवारणी पंप पूर्ण अनुदानावर द्यायला अर्ज मागवले होते. तेव्हा मी पंपाच्या प्रत्येक लेखावर पहिलं वाक्य टाकलं, "आधी तिथे अर्ज करा, सोडतीत नंबर लागला नाही तरच पुढे वाचा." त्या दोन महिन्यांत माझी कमाई निम्म्याने उतरली. पुढच्या उन्हाळ्यात तेच लोक नोझल, वॉशर आणि बॅटऱ्या घ्यायला माझ्याच पानावरून गेले.

आणि एक सल्ला मी कधीच सोडत नाही: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून टोमॅटोवर नेला की पानं दोऱ्यासारखी वळतात, अख्खा प्लॉट जातो. आमच्याकडे दरवर्षी कुणाचा तरी जातो. यासाठी मी सगळ्यात स्वस्त हातपंप घ्या म्हणतो. त्यावर मला जेमतेम तीस-चाळीस रुपये मिळतात. तो लेख माझा सगळ्यात लाडका आहे.

जुनाजाणता

पानं वळलेला प्लॉट माझ्या भावाचा होता, दोन वर्षांपूर्वी. हा लेख आधी वाचायला मिळाला असता तर. माझा आक्षेप पूर्ण गेला नाही, पण तुम्ही उत्तर टाळलं नाहीत हे लक्षात राहील.

कोथरूडची वाट

पहिल्या ओळीत खुलासा हे चांगुलपण तर आहेच, पण कायद्याचीही अपेक्षा तीच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात आर्थिक संबंध असेल तर तो स्पष्ट आणि न चुकता दिसेल असा सांगावा, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत सांगावा असं म्हटलंय. म्हणजे मराठी लेखाखाली इंग्रजीत एक ओळ टाकून सुटका नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शेअर बाजार आणि डीमॅट खात्यांच्या रेफरलला (आपल्या लिंकवरून इतरांना खातं उघडायला लावण्याला) तर नवशिक्यांनी हातच लावू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे सेबीचे (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे) नियम कडक आहेत आणि बुडतो तो वाचणारा.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून वाचतोय. इथेही एफटीसीचा (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा) आग्रह हाच आहे. २०२३ मध्ये त्यांनी शिफारशींचे नियम सुधारले आणि खुलासा शोधावा लागू नये यावर भर दिला. मी मराठी मंडळातल्या लोकांसाठी भारतीय किराणा आणि भांड्यांवर लिहितो. माझी चूक: भारतातल्या वाचकांनाही अमेरिकेच्या दुकानाची लिंक देत होतो. दोन्ही देशांची खाती वेगळी, एकाचं कमिशन दुसऱ्यात येत नाही. वाचक कुठले आहेत ते आधी बघा.

रानवारा

गूगलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. एआयकडून दिवसाला वीस लेख लिहून घेणारे आमच्या ग्रुपात बरेच आहेत. चालतं का?

शिवारातला

माझ्या ओळखीत दोघांनी केलं. एकाच्या ब्लॉगवर महिन्याला हजारो लोक यायचे, मार्च २०२४ च्या गूगल अपडेटनंतर दिवसाला दहा-बारा उरले. त्याच वेळी गूगलने ढिगाने छापलेल्या मजकुराविरुद्ध धोरण आणलं. दुकानाचीच माहिती पुन्हा लिहिणाऱ्या अ‍ॅफिलिएट पानांना ते आधीपासूनच कमी लेखतात. एआयने शुद्धलेखन तपासून घ्या, माझी ना नाही. पण पट्टा कुठे काचतो हे त्याला कोण सांगणार?

आणि लोक शोधतात कसं तेही बघा. "सर्वोत्तम बॅटरी स्प्रेअर" असं माझ्या गावात कुणी टाकत नाही. "पंपाचं प्रेशर येत नाही", "नोझल गळतं", तेही बरेचदा इंग्रजी अक्षरांत मराठी. गिऱ्हाईक काउंटरवर ज्या शब्दांत बोलायचं, तेच शब्द मी शीर्षकात घेतो.

तवाकढई

मी कुडाळची. दोन दिवस हा धागा वाचतेय आणि आज धीर करून लिहितेय. माझ्याकडे अकरा वर्षांपासून घरघंटी आहे. आजूबाजूच्या चार घरांचं दळणही मीच देते. तांदूळ, नाचणी, कुळीथ, सगळं. ब्लॉगसाठी पहिला लेख लिहिलाय: "घरघंटीत घावण्यांच्या पिठासाठी तांदूळ कसा दळावा". तांदूळ धुऊन सावलीत पुरता वाळला नाही तर जाळी कशी बुजते, मोटर कशी गरम होते, नाचणीला कुठली जाळी लावायची, आवाज किती होतो आणि शेजारी का भांडतात, ते सगळं लिहिलंय. शेवटी तीन घरघंट्यांच्या लिंका. पण त्यातल्या दोन मी वापरलेल्या नाहीत. लिंक शिवारातला यांना व्यनि केलीय. वाचून खरं ते सांगाल का? वाईट वाटणार नाही.

शिवारातला

तवाकढई, काल रात्री वाचला, मग सकाळी घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, जाळी बुजण्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर आमची मोटर जळली नसती.

वापरलेल्या नाहीत त्या दोन लिंका काढा. एकच ठेवा, तुमच्याकडची, आणि अकरा वर्षांत तिच्यावर दुरुस्तीला किती खर्च आला तो आकडा लिहा. घेणाऱ्याला तोच हवा असतो आणि तो कुठेच मिळत नाही. तुमचं मॉडेल आता बंद झालं असेल तर तसंच सांगा आणि लिंक देऊच नका, फक्त जाळ्यांची द्या. तिसऱ्या परिच्छेदातली किंमत काढा. खुलाशाची ओळ तळाला आहे, ती वर आणा. बुजलेल्या जाळीचा फोटो हवा, अगदी फोनवर काढलेला, पीठ चिकटलेलं दिसेल असा. आणि नाचणीचा भाग तोडून वेगळा लेख करा, तो याच्यात दडपला गेलाय.

तवाकढई

दोन्ही लिंका काढल्या. फोटो उद्या काढते, उद्या शेजारच्यांचं दळण आहे.